मुंडीबाईचा चौथरा

मला आठवत होतं.

हे वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापुढेही नाही. प्रवासाची हकिगत लिहायला बसलो आहे, तेव्हा आधी तेच लिहून टाकतो. नाहीतर भोपाळचा तलाव, तिथला खारट चहा, टांगेवाल्यांची बोली या सगळ्यात ते पुन्हा राहून जाईल. प्रवासवर्णनात नको त्या गोष्टी फार बेमालूमपणे राहून जातात. मी स्वतः अशी दोन-तीन वर्णनं मासिकांतून छापून आणली आहेत, म्हणून सांगतो.

राज्यांची फेरमांडणी झाली आणि आमच्या नागपूरची राजधानी गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. फायली, कपाटं, पंखे आणि कारकून, सगळं गाडीत भरून भोपाळला उतरवलं. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. माझीही रवानगी झाली. ज्या गावाला अजून धड रस्ते नव्हते, त्या गावात आम्ही राजधानी शोधत हिंडत होतो. संध्याकाळी चार नागपूरकर जमले की एकच विषय : आपल्याला मुंबई राज्यात वाटून देतात की इथेच ठेवतात? मला नागपूरला परत जायचं होतं. दुसरं काही नको होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

वामन देशकर हा माझा शाळेतला सोबती. दगडाचा मूर्तिकार. मुंबईच्या कलाशाळेत शिकला, पण तिथे मूर्ती म्हणजे माती. मातीत घडवायची, प्लास्टरचा साचा काढायचा, पुढे ओतकामाला द्यायची. वामनला हा भेकडांचा उद्योग वाटे. "मातीत चुकलं तर थापून बुजवता येते बे. दगडात गेलं ते गेलं," असं तो गुरुजींच्या तोंडावर म्हणाला आणि शेवटच्या वर्षी तिथून बाहेर पडला. मग जाती-पाटे घडवणाऱ्यांच्या पालावर बसून दगड शिकला. भांडकुदळ माणूस. स्वतःइतका चांगला हात हिंदुस्थानात नाही, असं तो चहा मागावा तितक्या सहज सांगे. दुर्दैवाने ते फारसं खोटं नव्हतं.

नव्या राजधानीत एका कचेरीपुढे पुतळा बसवायचा ठरला. राजधानी बांधणाऱ्या मजूर बाईचा, डोक्यावर घमेलं घेतलेला. मी वामनचं नाव सुचवलं. तो कमलवहिनींना घेऊन भोपाळला आला, तांबूस दगडाची शिळा निवडली, आणि हत्यार लावण्याआधी मला विचारलं, "किती उंचावर ठेवणार?"

मी उठून दाराच्या चौकटीच्या वर हात नेला. म्हटलं, "चौथरा एवढा. उंच माणूस शेजारी उभा राहिला तरी त्याला बाईचे पाय मान वर करून पाहावे लागतील." कमलवहिनी तिथेच चहा गाळत होत्या.

उंचावर ठेवायच्या मूर्तीचं डोकं मोठं धरावं लागतं. खालून पाहणाऱ्यापासून ते लांब जातं, लहान दिसतं. म्हणून डोकं मोठं, मान पुढे काढलेली, डोळे खोल. वामनने तसं केलं. दगडाचं काम वरून खाली उतरत जातं, त्यामुळे डोकं आणि घमेलं आधी झालं.

मध्यंतरी कुणी मोठी असामी पाहणीला आली आणि म्हणाली, लोकशाहीत कामकरी बाई लोकांच्या बरोबरीने उभी पाहिजे, उंच आसनं राजेरजवाड्यांना. टाळ्या पडल्या. नकाशावरचा चौथरा गुडघ्याएवढा झाला. "मूर्तिकारांना कळवा," असं मला तोंडी सांगितलं. मी गेलो. डोकं होऊन वामन खांद्यांवर आला होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी चहा घेतला आणि परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा चहा घेतला.

अनावरणाच्या दिवशी पडदा सरला आणि लोक हसले. आधी मागे उभे असलेले, मग पुढच्या खुर्च्यांवरचे. गुडघ्याएवढ्या चौथऱ्यावर, चारचौघांच्या समोर, भोपळ्याएवढ्या डोक्याची, पुढे वाकलेली बाई. कुणीतरी त्याच वेळी तिचं बारसं केलं : मुंडीबाई.

नंतर बैठक झाली. वामन संतापून ओरडत होता. त्याने माझ्याकडे बोट केलं. "यानं सांगितलं मला. चौकटीच्या वर हात नेऊन सांगितलं." मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वाटपाचे कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होते.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

दोन महिन्यांनी मी नागपूरला परत आलो.

शनिवार : स्टेशन ते खड्डा

यंदा संक्रांतीला माझा मेव्हणा प्रभाकर घरी आला होता. गोविंदपुऱ्याच्या मोठ्या कारखान्यात तो टेक्निशियन आहे. तिळगूळ खाता खाता हसत म्हणाला, "भाऊजी, तुमच्या मुंडीबाईचं ऑपरेशन ठरलंय. मार्चच्या आत डोकं लहान करणार." सगळे हसले. बायकोही हसली. मी उठून पाणी प्यायला गेलो.

पंधरा-वीस दिवसांनी रजा काढली, संत्र्यांची एक करंडी घेतली आणि गाडीत बसलो. मनाशी पक्कं केलं होतं : कचेरीत जायचं, साहेबांना सांगायचं, उंची मीच सांगितली होती, दोष डोक्याचा नाही, चौथऱ्याचा आहे. डोकं राहू द्या, चौथरा वाढवा. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

भोपाळला सकाळी उतरलो. टांगेवाला पान चघळत म्हणाला, "कां जा रिये हो, खां?" मी कचेरीचं नाव सांगितलं. त्याला कळेना. रस्ता सांगितला, तोही कळेना. शेवटी त्यानेच विचारलं, "अरे, मुंडीबाई के पास?"

मी मान हलवली.

"तो ऐसा बोलो ना खां. इतना लंबा पता काय को?"

तीन वर्षांत तो पत्ता झाला होता. मुंडीबाईपाशी उतरा, मुंडीबाईवरून डावीकडे वळा. नागपूरला पत्ता विचारला तर माणूस आधी तुमचं गाव, मग आडनाव, मग काम विचारतो आणि शेवटी चुकीचा रस्ता दाखवतो. इथे सगळे बरोबर रस्ता दाखवतात, आणि तो वामनच्या बेअब्रूवरून जातो. मला त्या टांगेवाल्याचा राग आला. त्याने काहीही केलं नव्हतं, तरी आला. या खेपेला मला सगळ्यांचाच राग येत होता : चुन्याच्या ढिगांचा, अर्धवट बंगल्यांचा, आमची राजधानी गिळून अजून उपाशी दिसणाऱ्या त्या गावाचा.

कचेरी उघडी होती. शनिवार असल्याने दुपारपर्यंतच, पण उघडी होती. साहेबांची मोटार दारात उभी होती. हे मुद्दाम लिहितो.

आधी पुतळा पाहावा म्हणून गेलो. तांबूस दगड आता जरा काळवंडला होता. कुणीतरी तिच्या घमेल्यात चहाचे मातीचे कुल्हड टाकले होते. बरोबरीच्या उंचीवरून ती खरोखर भेसूर दिसते. खोल कोरलेल्या डोळ्यांची भोकं दिसतात, हनुवटी छातीत घुसल्यासारखी. हसणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही, आणि देतोही.

पुतळ्याशेजारी पाण्याच्या नळासाठी लांबलचक चर खणला होता. मी नजर तिच्या तोंडावर ठेवून मागे सरकत गेलो, नीट दिसावी म्हणून, आणि करंडीसकट चरात पडलो.

चांगला पुरुषभर खोल. पाठीवर पडलो. तळाला चिखल होता म्हणून हाडं वाचली. चरात माती उपसणाऱ्या दोन बाया होत्या. त्यातली एक घमेलं खाली ठेवून म्हणाली, "हो गया दंडवत बाबूजी? अब उठो।" दुसरी तोंडाला पदर लावून खिदळत संत्री वेचू लागली.

मी उठलो नाही. उठवेना. मी वर पाहत होतो.

चराच्या काठावर ती उभी होती, आभाळ मागे घेऊन. डोकं लहान नाही, मोठं नाही, जिथे हवं तिथे. मान पुढे झुकली होती ती ओझ्याने, आणि खोल डोळ्यांत सावली उतरून ती थेट खाली, माझ्याकडे पाहत होती. दमलेली, पण लाचार नाही. कामाच्या मधे कुणी हाक मारावी आणि बाईने "काय आहे?" म्हणून पाहावं, तशी. वामनला काय दिसत होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्याने ते नुसत्या माझ्या शब्दावर आधीच पाहिलं होतं, दगड अजून चौकोनी असताना.

बायांनी हात देऊन मला वर काढलं. कपडे चिखलाने माखले होते. अशा अवतारात साहेबांपुढे कसं जाणार, असं मी स्वतःला म्हणालो आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. टांगा वळवला.

त्या दिवशी दुपारी मी प्रवासवर्णनात जे असतं ते सगळं केलं. प्रभाकरच्या क्वार्टरवर अंघोळ केली. मोठा तलाव पाहिला. काठावर बसलो तर पलीकडचा काठ फिकट निळा दिसतो, आणि वाऱ्याने समुद्रासारख्या लाटा येतात. जुन्या शहराच्या चौकात मिठाचा चहा प्यालो. आपल्याकडे चहात मीठ पडलं तर घरातल्या बाईचं लक्ष नाही म्हणतात. इथे आवडीने घालतात, वर साय. पहिला घोट फेकून द्यावासा वाटतो, तिसऱ्याला जीभ शरण जाते. कॉलनीतल्या मराठी पोरांची भाषा ऐकली : "आई, मी खेलायला जातोय, खाना नंतर खाईन." प्रभाकरची बायको त्यांना पुण्याच्या मराठीत दटावते आणि स्वतः भाजीवाल्याशी बोलताना भोपाळी होते. सगळं छान होतं. मी कचेरी बंद होण्याची वाट पाहत होतो.

रविवार : गोविंदपुरा

वामन गोविंदपुऱ्याच्या कडेला राहतो. लहान-लहान कारखान्यांच्या पत्र्यांच्या ओळीमागे एक छप्पर, पुढे अंगणात दगडांचा पसारा. कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी तो पाटे-वरवंटे घडवतो आणि गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून पुन्हा खरबरीत करून देतो. इकडचा पाटा, म्हणजे सिल, उभट असतो, वाटायची पद्धत वेगळी. आपल्या बायकांना आपला पाटा लागतो.

तो पाट्यावर टाकी मारत बसला होता. वर पाहिलं, आणि टाकी थांबली नाही.

"काहून आलास बे?"

"भेटायला."

"भेटलास. आता?"

कमलवहिनी बाहेर आल्या. पूर्वीपेक्षा वाळल्या होत्या. "भावोजी, बसा. पाणी देते," म्हणाल्या. मी करंडी पुढे केली. वामनने एक संत्रं उचललं, वास घेतला, परत ठेवलं. "नागपूरचं आहे. तुझ्यापेक्षा बरं निघालं, इतक्या लांब येऊनही सडलं नाही. हे साहेबाला ने. मला नको."

मी विचारलं, डोकं उतरवायचं काम कुणाला दिलं आहे.

"मला."

मला वाटलं तो चेष्टा करतोय.

"मलाच. उद्या सकाळपासून. बंगल्यांच्या नावाच्या पाट्या कोरणाऱ्या एकाला देणार होते. त्यानं डोळ्यांच्या जागी दोन बटणं केली असती. म्हणून मीच जाऊन म्हटलं, मी करतो. माझ्या पोरीचे केस मी दुसऱ्याला कापू देत नाही." टाकी जोरात बसली, कपचा माझ्या पायाशी आला. "अन् खरं सांगू? मलाही कंटाळा आला. पाटा घ्यायला बाया येतात, अन् विचारतात, ते मुंडीबाई तुम्हीच केली ना हो? केली म्हणतो. मग त्या पाटा उलटसुलट करून बघतात, वाकडा तर नाही ना."

"वामन, मी उद्या साहेबांना सांगतो."

"काय सांगतो?"

"उंची मी सांगितली होती म्हणून."

आता टाकी थांबली. त्याने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला चराच्या तळातून वर पाहिल्यासारखं झालं. कमलवहिनी दारात तांब्या धरून उभ्या राहिल्या.

"आठवलं तुला?" तो म्हणाला.

मला तेव्हाच म्हणायचं होतं, की आठवत होतंच. म्हणालो, "हो. आठवलं."

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि तेही खोटं. विसरलेला माणूस होणं सोपं होतं, म्हणून तो झालो.

वहिनी हळू आवाजात बोलल्या. "मी तिथंच होते, भावोजी. तुम्ही चौकटीच्या वर हात नेला होता. मी यांना हजारदा सांगितलं. हे म्हणतात, तू बायको आहेस, तू माझ्यासारखंच सांगणार. मागच्या वर्षी तर म्हणाले, आपल्यालाच भास झाला असेल का गं, कमल? त्यानं काही सांगितलंच नसेल का?"

"तू आत जा," वामन म्हणाला.

"नाही जात."

मी म्हटलं, "वामन, ऐक माझं. उद्या हत्यार लावू नकोस. मला साहेबांना भेटू दे. एक दिवस थांब."

तो हसला. वाईट हसला. "तुझ्या शब्दावर मी एकदा दगड कापलाय, शिरू. आता तुझ्या शब्दावर थांबणार नाही. उद्या पहाटेच लागतो, माणसं जमायच्या आत. तुला जे सांगायचं ते त्याच्या आधी सांग."

"रविवारी कचेरी कुठे..."

"काल शनिवार होता," वामन म्हणाला. "तू आलास कधी?"

धुवूनही माझ्या धोतराच्या काठाला तांबड्या चिखलाचा डाग राहिला होता. त्याने तो पाहिला. तिथली माती तो ओळखतो.

जेवल्याशिवाय वहिनींनी जाऊ दिलं नाही. पाटवड्यांचा रस्सा केला होता, आपल्याकडचाच, झणझणीत. भोपाळला बेसन मिळतं, खसखसही मिळते, पण हात नागपूरचा लागतो. वामन पाठ फिरवून जेवला. रश्श्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यासाठी मी त्या तिखटाचा ऋणी आहे.

सोमवार : कचेरी

कचेरी उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. वामन माझ्याही आधी आला होता. बांबूची परांची बांधून वर चढला होता आणि काम चालू होतं. मी खालून हाक मारली. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

जुन्या साहेबांच्या जागी आलेले नवे साहेब साइटवर गेले होते. शिपायाने बाकावर बसवलं. त्या बाकावरून पुतळा दिसत नाही, पण छिन्नीचा आवाज येतो. टक, टक, मग एक जाड आवाज, ढपला पडल्याचा. मी उठून जाऊन त्याचा हात धरू शकलो असतो. धरला नाही. साहेबांशी बोलून मग सगळं एकदमच निस्तरू, असं म्हणत राहिलो. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हातापेक्षा कागदाची ताकद मोठी वाटते. ऊन वर आलं. कारकून येता-जाता खिडकीतून डोकावत आणि म्हणत, "मुंडीबाई की हजामत चल रही है।"

साहेब आले तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. मनमोकळा माणूस. शिपायाने संत्र्यांची करंडी माझ्या आधी आत नेली होती, त्यामुळे स्वागत चांगलं झालं. "नागपूर के संतरे! बैठिए, बैठिए।"

मी सांगितलं. बसून, स्पष्ट, एकही शब्द न गिळता. उंची मी तोंडी सांगितली. बदल झाला तो कळवायचं माझ्याकडे होतं, मी कळवला नाही. बैठकीत खोटं बोललो. मूर्तिकाराची चूक नाही. साहेब संत्रं सोलत ऐकत होते, बिया एका कागदावर काढून ठेवत होते.

"अच्छा," ते म्हणाले. "तो बात ये है कि चबूतरा छोटा रह गया।"

"होय साहेब."

"ऊँचा करवा देते हैं।" आणि खरंच, त्यांनी तिथल्या तिथे टिपण लिहायला घेतलं. माझा विश्वास बसेना. तीन वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होतो, त्याने कुणाचंही काही बिघडलं नाही. कुणी ओरडलं नाही. कुणी विचारलंही नाही की, तेव्हा का बोलला नाहीस. "मार्च आ रहा है, पैसा वैसे भी लौटाना पड़ता। आप शनिवार को आ जाते तो सर का झंझट ही नहीं होता। मैं तो यहीं बैठा था।"

"पण साहेब, मग ते डोक्याचं काम थांबवायला..."

"वो तो मंज़ूर है, शुरू हो गया। दोनों हो जाएँगे।" त्यांनी सही केली. "सर भी ठीक, चबूतरा भी ठीक।"

मी त्यांना समजावू लागलो की दोन्ही केलं तर दोन्ही चुकेल, यातलं एकच करायचं असतं. त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि प्रेमाने म्हणाले, "भाईसाहब, आप तो अब दूसरे स्टेट के हैं। इतनी फ़िकर मत कीजिए।"

मी धावत बाहेर आलो. आवाज थांबला होता.

वामन परांचीच्या खाली, गुडघ्याएवढ्या चौथऱ्याच्या कडेला बसून बिडी ओढत होता. अंगावर तांबूस धूळ. मी वर पाहिलं. दगडात तोंड सगळ्यात आधी जातं. नाक, कपाळ, गालांची हाडं, सगळं वरच्या थरात असतं; ते काढल्याशिवाय आत शिरता येत नाही. घमेलं लहान झालं होतं. त्याखाली एक गोटा होता, आणि त्या गोट्यावर कोळशाने नवे डोळे आखले होते, उथळ, समोर पाहणारे. कुठल्याही बाईचे असतात तसे.

भोवती पाच-सहा कारकून उभे होते. कुणी हसत नव्हतं. एक जण म्हणालाही, "अब ठीक लग रही है।" आणि ते खरं होतं. त्या चौथऱ्यावर ती आता ठीक दिसत होती.

"काय झालं?" वामनने विचारलं.

मला सांगावं लागलं. "चौथरा वाढवतायत. सही झाली."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने बिडी चौथऱ्यावर विझवली, वर पाहिलं, हाताने हवेत उंची मोजली, चौकटीच्या वर.

"एवढ्यावर? हे डोकं?"

मी मान हलवली.

"टाचणी दिसेल," तो म्हणाला. "आता टाचणीबाई म्हणतील." मग एकदम उठला आणि हातोडी उचलली. मला वाटलं मला मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. त्याने ती कारकुनांच्या पायाशी भिरकावली आणि गरजला, "जा ना बे सगळे. काय बघता? जा." ते पांगले.

कमलवहिनी डबा घेऊन येत होत्या. त्यांनी दुरूनच वर पाहिलं आणि थांबल्या. वामनने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

"भावोजी, तीन वर्षं गप्प बसलात. आता बोलायचंच होतं, तर परवा बोलायचं. नाहीतर बोलायचंच नाही."

मग डबा उघडून त्या नवऱ्याला जेवायला वाढू लागल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

मी त्याच पावली साहेबांकडे परत गेलो, चौथरा राहू द्या म्हणून सांगायला. साहेब मोटारीत बसत होते. "कल तक छोटा था, अब बड़ा नहीं चाहिए? आप लोग पहले तय कर लीजिए।" मोटार गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. शिपाई म्हणाला, टिपण पुढे गेलं. त्याच्या खिशात माझं एक संत्रं होतं.

परत

परतीच्या गाडीत एक गृहस्थ भेटले, संयुक्त महाराष्ट्र आता नक्की झालाच म्हणून आनंदात होते. त्यांनी विचारलं, भोपाळ कसं आहे? मी तलावाचं सांगितलं.

वामनला निघताना जे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तो अजून समजतो की मी विसरलो होतो आणि मला आठवलं. म्हणून सुरुवातीला ते वाक्य लिहिलं. हा अंक त्याच्या हाती पडला तर पडो. तो मासिकं वाचत नाही, वहिनी वाचतात.

प्रभाकर परवा येऊन गेला. चौथरा बांधून झाला आहे, चांगला चिरेबंदी, चौकटीच्या वर. ती त्यावर उभी आहे, लांब अंग आणि चिमटीएवढं डोकं, आणि दूर आभाळाकडे पाहते. नवीन नाव अजून पडलेलं नाही, टांगेवाले जुनंच वापरतात. नळ टाकून झाला, चर बुजवला. वामन पाट्यांना टाकी लावतो.

वामन देशकरला मी एक डोकं देणं लागतो. मातीचं असतं तर भरून देता आलं असतं. ते दगडाचं होतं, आणि देणं तेवढंच्या तेवढं शिल्लक आहे.